मदत हवी आहे: समाजशास्त्राला विज्ञान म्हणायचं का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने १८९७ साली आत्महत्येसारखी खासगी वाटणारी गोष्ट आकडेवारीतून तपासली आणि प्रोटेस्टंटांमध्ये तिचं प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. इथपर्यंत मला हे विज्ञानच वाटतं. प्रयोगशाळा नाही हा आक्षेप तर फुसकाच, खगोलशास्त्रज्ञ तरी ताऱ्यांवर कुठे प्रयोग करतात?

अडतंय ते पुढे. ग्रहणाचं भाकीत ऐकून चंद्र वाट बदलत नाही, पण बँक बुडणार अशी आवई उठली की लोक पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँकही बुडू शकते. मग भाकीत खरं ठरलं की त्यानेच ते घडवलं? अशा वेळी सिद्धांत खोटा ठरवण्याची कसोटी कशी लावतात? जाणकारांनी एखाद्या खऱ्या संशोधनाच्या उदाहरणासह समजावलं तर बरं होईल.