हाताची दोन्ही हाडं मोडलीत, प्लेट टाकावीच लागते का?

भाऊ बाईकवरून पडला, वय 34, कोपर आणि मनगटाच्या मधली दोन्ही हाडं सरकलीत. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, आई म्हणते प्लास्टरने जुळेल, माझ्या मुलाचं तसंच जुळलं होतं. काय करू?

> लहान मुलांचं वेगळं असतं हो, हाड वाढता वाढता थोडा वाकडेपणा भरून निघतो, मोठ्यांत नाही. रेडियस (अंगठ्याकडचं हाड) अल्नाभोवती (करंगळीकडच्या हाडाभोवती) फिरतं म्हणून तळहात उलटासुलटा होतो, रेडियसचा नैसर्गिक बाक जरा बिघडला की कुलूप उघडणं, ताट धरणं अडतं. म्हणून प्लेट-स्क्रू, सहसा 3.5 मिमी स्क्रूच्या प्लेट. आईंना हेच सांगा.

> माझं झालंय. बोटं दुसऱ्याच दिवशी हलवायला लावली, जड उचलायला मात्र एक्सरेत हाड जुळलेलं दिसेपर्यंत, चार महिने थांबले. सिगारेट ओढत असेल तर बंद करायला लावा प्लीज, हाड जुळायला फार वेळ लागतो.

> आणि दुखणं अचानक असह्य वाढलं, बोटं सरळ करताना कळ आली तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा!!

थँक्यू सगळ्यांना. प्लेट नंतर काढायची का?

> त्रास नसेल तर राहू दे. काढल्यावर हाड परत मोडू शकतं, दीड-दोन वर्षांआधी तर नकोच.