बेळगाव: गल्लीच्या नळाच्या पाण्यातलं शिसं नेमकं कसं शोधायचं?

शहापूर_गल्ली:
नमस्कार मंडळी. शहापुरातली जुनी गल्ली, ४२ घरं. मेन लाइन बिडाची, १०० मिमी, शिसं ओतून केलेल्या जोडांची. मेनपासून घरापर्यंत अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड), पुढं कुठं जीआय, कुठं पीव्हीसी. पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून प्रत्येकाकडं खाली संप (जमिनीखालची टाकी) आणि वर टाकी. रस्ता खणल्यापासून पाणी सुटल्यावरची पहिली पंधरा मिनिटं तांबूस येतं.

मंडळानं एका घरच्या किचनच्या नळाचा नमुना लॅबला दिला. रिपोर्टात शिसं 'बीडीएल', टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९०. निम्मी गल्ली म्हणते, झालं, विषय संपला. मला तसं वाटत नाही. बाहेरच्या देशांत सहा तास नळ बंद ठेवून पहिलं लिटर घेतात, पण मध्ये संप आणि टाकी असताना त्या सहा तासांना काय अर्थ? किती घरांतून, कुठून, कधी नमुने घ्यायचे? आणि शिसं सापडलंच तर ते लाइनचं की घरातल्या नळजोडणीचं, हे कसं ओळखायचं?

आम्लधुतली_बाटली:
आधी तो 'बीडीएल' बघू. बीडीएल म्हणजे शिसं नाही असं नव्हे, आमच्या यंत्राला दिसलं नाही एवढंच. यंत्राला किती दिसतं ते रिपोर्टात लिहिलंय का बघा. आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आणि तिच्यात सवलत नाही. १९९१ च्या जुन्या मानकात हीच मर्यादा ०.०५ होती. साध्या फ्लेम एएएस यंत्राला पाणी आटवून घट्ट केल्याशिवाय १० मायक्रोग्रॅम भरवशानं दिसत नाही. त्यामुळं ४० मायक्रोग्रॅम असलेलं पाणीही तिथं 'बीडीएल' म्हणून सुटू शकतं. लॅबला दोनच गोष्टी विचारा: ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस (दोन्ही जास्त बारीक मोजणारी यंत्रं) आहे का, आणि शिशासाठी रिपोर्टिंग लिमिट, म्हणजे भरवशानं सांगता येणारा सर्वांत लहान आकडा, किती. २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून खाली सांगितलं तर पुढं बोला. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का पुरेसा नाही, लॅबच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, 'पाणी – शिसं' आणि ती खालची रेंज आहे का ते पाहायचं.

टीडीएसचा शिशाशी काही संबंध नाही. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०१ पीपीएम, आणि टीडीएस मीटरचा सर्वांत लहान आकडाच १ पीपीएमचा असतो.

आता नमुने. तुमच्याकडं पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत: मेन ते संप, आणि टाकी ते नळ. त्या एकाच बाटलीत मिसळल्या की काहीच कळत नाही. म्हणून पाणी सुटायच्या दिवशी संपात पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी तीन बाटल्या घ्यायच्या:
- क: आलेलं अगदी पहिलं पाणी, तांबूस असेल तसंच
- ख: दहा मिनिटांनी
- ग: अर्ध्या तासानं, स्वच्छ झाल्यावर

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर कुणी नळ उघडलेला नसताना, किचनच्या नळाखाली आणखी तीन:
- च: पहिले २५० मिली
- छ: लगेच पुढचे ७५० मिली
- ज: पाइपमधलं सगळं जुनं पाणी जाऊन टाकीतलं ताजं आल्यावर

'ज' साठी किती पाणी सोडायचं ते अंदाजानं नको, हिशोबानं. अर्ध्या इंची (१५ मिमी) पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण १७७ मिली पाणी मावतं, पाऊण इंचीत ३१४, एक इंचीत ४९०. टाकीपासून किचनपर्यंत १२ मीटर एक इंची आणि ४ मीटर अर्धा इंची असेल तर ६.६ लिटर झाले. तिप्पट सोडा, म्हणजे दोन बादल्या. आणि 'च'चे २५० मिली म्हणजे नळाच्या मागचा जेमतेम दीड मीटर पाइप. तिथं शिसं निघालं तर आरोपी नळ, अँगल कॉक किंवा जवळचा एखादा पितळी जोड. तुमच्या सहा तासांचा अर्थ इथं लागतो: ते पाणी टाकीत किती वेळ होतं याच्याशी नव्हे, नळ आणि त्यामागच्या पाइपात किती वेळ साचलं याच्याशी संबंध आहे.

नळाची जाळी काढायची नाही. आदल्या रात्री 'नळ साफ करून घेऊ' म्हणून पाणी सोडायचं नाही. धारही रोज हंडा भरताना असते तेवढीच. बारीक धारेनं कण सुटत नाहीत आणि आकडा खोटा सुंदर येतो. बाटली रुंद तोंडाची, एचडीपीई प्लॅस्टिकची, लॅबनं नायट्रिक ॲसिडनं धुऊन दिलेली. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालणार नाही. ॲसिड घरी घालू नका, ते लॅबचं काम. मात्र त्यांना सांगून ठेवा: ॲसिड त्याच बाटलीत घालायचं आणि किमान १६ तास थांबूनच मोजायचं. शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं, ओतून घेतलं तर काही मागंच राहील. गढूळ नमुना गाळायचा नाही, तो ॲसिडमध्ये पचवून 'एकूण शिसं' मागायचं.

पाना_सूत_सफेदा:
वरच्यांनी बाटलीचं सांगितलं, मी पाइपचं सांगतो. शिशाच्या जोडाला लोक उगाच भितात. १०० मिमीच्या बिडाच्या जोडात दोन किलोच्या आसपास शिसं ओतलेलं असतं खरं, पण आतून आधी ताग ठोकलेला असतो आणि त्यावर वर्षानुवर्षांचा गंजाचा थर. पाण्याला शिसं फारसं दिसतच नाही. मात्र जेसीबीनं हादरा बसला, लाइन खचली, की थर सुटतो. तुमचं तांबूस पाणी तेच असू शकतं. गंजाला शिसं धरून बसायची सवय असते, म्हणून 'क' बाटली अजिबात सोडू नका.

घरात शोधायच्या जागा: फेरूल (मेनवरून घराची जोडणी घेतात तो पितळी जोड), मीटरची पितळी बॉडी, गेट व्हॉल्व्ह, नॉन रिटर्न, मोटरचा इम्पेलर, आणि सगळ्यात शेवटी नळ. लेथवर फिरवायच्या पितळेत (आयएस ३१९) शिसं मुद्दाम २ ते ३.५ टक्के घातलेलं असतं, चुरा सुटा पडावा म्हणून. उद्यमबागेतल्या कुठल्याही टर्नरला विचारा. गनमेटलच्या व्हॉल्व्हमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास असू शकतं. क्रोम केलेला नळ बाहेरून चकचकीत, आतून पितळच. नवा नळ पहिल्या काही महिन्यांत जास्त सोडतो, म्हणून 'नुकताच बदललाय' या घराला यादीतून वगळू नका, उलट घ्याच.

जीआयच्या आतल्या जस्ताच्या थरातही शिसं असतं, जुन्या मालात टक्काभर. आट्याला सुताबरोबर लावायचा जुना सफेदा म्हणजे शिशाचंच कार्बोनेट. हल्ली बहुतेक जस्ताचा मिळतो, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जोडात कुठला बसलाय सांगता येत नाही. लोखंडी टाकी असेल तर आतून रेड ऑक्साइड आहे की रेड लेड ते बघा. रेड लेड नारिंगी दिसतो, शेंदरासारखा. तो निघाला तर टाकीच बदला, खरवडत बसू नका.

जुन्या पीव्हीसीत शिशाचं स्टॅबिलायझर असायचं, त्यावर केंद्राचे नियम २०२१ चे. पाइपवर आयएस ४९८५ (पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं मानक) छापलेलं नसेल, शेतीसाठीचा स्वस्त पाइप छतावर उन्हात पडून असेल, तर संशयित धरा. एचडीपीईत ही भानगड नाही.

अख्खा शिशाचा पाइप आपल्याकडं क्वचितच, पण कॅम्पातल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांत एकदा पाहून घ्यावं. चावीनं खरवडा: चांदीसारखा चमकला, मऊ लागला आणि चुंबक चिकटलं नाही तर शिसंच. जीआयला चुंबक चिकटतं. पितळ पिवळं दिसतं.

उगाच_खर्च:
एवढी उठाठेव कशाला, आरओ लावा आणि मोकळे व्हा की.

आम्लधुतली_बाटली:
@उगाच_खर्च, आरओ शिसं काढतो, हे बरोबर. पण स्वयंपाकाचं पाणी आरओचं असतं का? भाताचं, आमटीचं, लहान बाळाच्या दुधाचं? आणि मेंब्रेन म्हातारं झाल्यावर काय सुटतंय, ते मोजल्याशिवाय कळत नाही. यूव्ही आणि कँडल विरघळलेल्या शिशाला हातही लावत नाहीत. उकळल्यानं तर पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

शहापूर_गल्ली:
फार उपयोगी. ४२ घरं गुणिले सहा बाटल्या मंडळाला परवडणार नाही. आणि लाइनचं की घराचं हे फक्त बाटलीच्या क्रमावरून ठरवायचं का, की आणखी काही?

आम्लधुतली_बाटली:
चार घरांत पूर्ण सहा बाटल्या: लाइनच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं आणि जिथं रस्ता खणला तिथलं. आणखी आठ घरांत फक्त 'च' आणि 'ज'. झाल्या ४०. त्या आठांत लहान मुलं असलेली घरं आधी घ्या. वर दोन जादा बाटल्या: लॅबचंच शुद्ध पाणी तुमच्या अंगणात बाटलीत ओतून परत द्या, म्हणजे हाताळताना मळ शिरला का ते कळेल, आणि एका नमुन्याची जोडी वेगळ्या नंबरानं द्या. लॅबला कुठल्या घराची बाटली ते सांगू नका, फक्त नंबर.

क्रमाइतकाच दुसरा पुरावा महत्त्वाचा. आयसीपी-एमएस एकाच फेरीत अनेक धातू मोजतं, म्हणून शिशाबरोबर लोह, जस्त, तांबं, कॅडमियम आणि कथील मागा. लॅब पैसे थोडे जास्त घेईल, पण कोडं इथंच सुटतं. शिसं आणि लोह बरोबरीनं चढतात, तेही 'क' मध्ये: मेनचा गंज सुटतोय. शिसं, तांबं, जस्त तिन्ही 'च' मध्ये वर आणि 'छ' मध्ये खाली: पितळ. शिसं, जस्त आणि किंचित कॅडमियम 'छ' पर्यंत टिकतंय: जीआयचा थर. कथील दिसलं तर डाग दिलेला जोड किंवा कल्हईचं भांडं मध्ये आलंय का ते विचारा. नमुना कल्हईच्या तांब्यात धरून मग बाटलीत ओतणारे भेटतात.

सगळ्यात फसवी स्थिती म्हणजे सगळ्या बाटल्यांत ३-४ मायक्रोग्रॅम आणि एकातच ६०. लोक ती 'चुकलेली' म्हणून वगळतात. वगळू नका. कण असाच येतो, कधी येतो कधी नाही. त्याच नळाचे पाच वेगवेगळ्या दिवशी पाच नमुने घ्या.

तुरटी_आणि_चुना:
पाण्याचा स्वभाव राहिला. शिसं किती सुटेल हे पाइपाइतकंच पाण्यावर अवलंबून असतं. मऊ, कमी अल्कलिनिटीचं (आम्ल पचवायची ताकद कमी असलेलं), जरा आम्लाकडं झुकलेलं पाणी शिसं जास्त ओढतं. बेळगावला मार्कंडेयवरचं राकसकोप आणि घटप्रभेवरचं हिडकल असे दोन स्रोत. तुमच्या भागाला कधी कुठलं येतं ते पाणी सोडणाऱ्या वॉलमनला विचारून प्रत्येक बाटलीच्या नोंदीत लिहा. स्रोत बदलला की पाइपमधला जुना थर ढिला होऊ शकतो. अमेरिकेत फ्लिंट शहरानं एप्रिल २०१४ मध्ये नदीचं पाणी घेतलं आणि गंजरोधक फॉस्फेट घातलं नाही, तेव्हा तेच झालं. आणि तिथंही आदल्या रात्री नळ सोडून ठेवा, अशा सूचना देऊन आकडे खाली आणले गेले होते.

दुसरं, पावसाळा. गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते. लिटरला १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. ४० मिलिग्रॅम घातली तर २० गेली. मुळात मऊ पाण्यात तेवढी शिल्लकही फार नसते. नंतर चुना नीट घातला नाही तर पीएच घसरतो. म्हणून एक फेरी एप्रिल-मेमध्ये (गरम पाण्यात शिसं जास्त सुटतं) आणि एक जुलैत. प्रत्येक वेळी जागेवरच पीएच मोजा. लॅबला पोहोचेपर्यंत तो बदलतो.

महापालिकेकडून मागायचं ते: शुद्धीकरणानंतरच्या पाण्याचा महिनावार पीएच, अल्कलिनिटी, गढूळपणा, आणि तुमच्या भागातल्या बिडाच्या लाइनचा नकाशा. माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर कन्नड किंवा इंग्रजीतच करा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, मराठी अर्ज परत आला तर महिना वाया. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळं पाण्याचे आकडे एका अर्जात, नकाशा दुसऱ्यात.

पाना_सूत_सफेदा:
रिपोर्ट येईपर्यंत: पाणी सुटलं की पहिली पंधरा मिनिटं संपात जाऊच देऊ नका, टी लावून पाइप गटारीकडं काढा. सकाळची पहिली दोन बादल्या धार झाडांना. पिण्याच्या नळापुरता तरी स्टेनलेस किंवा प्लॅस्टिकचा नळ बसवा. बंबातलं किंवा गीझरचं गरम पाणी चहाला घेऊ नका.

आणि संप धुणार असाल तर थांबा. तळाचा गाळ आधी डबाभर काढून ठेवा. मेनमधून जे काही येतंय ते महिनोन्‌महिने तिथंच साचतंय.

आम्लधुतली_बाटली:
गाळाची कल्पना चांगली. फक्त गाळाचा आकडा किलोला मिलिग्रॅममध्ये येईल, तो १० मायक्रोग्रॅमशी लावून गल्लीत घबराट करू नका. चार घरांचे गाळ एकमेकांशी ताडून बघा, लाइनच्या कुठल्या टोकाला जास्त आहे ते कळेल. आणि कुणा मुलाच्या रक्तात शिसं जास्त आलं पण घरच्या सहाही बाटल्या स्वच्छ असतील, तर पाणी सोडा. सुरमा, सुटी हळद, भिंतीचा जुना रंग आणि घरात कुणी बॅटरीचं काम करतं का, ते बघा.

शहापूर_गल्ली:
संप धुणं थांबवलं. पुढचं पाणी गुरुवारी, 'क' ते 'ग' त्या दिवशी, 'च' ते 'ज' शुक्रवारी पहाटे. प्रत्येक घराच्या पाइपची लांबी टेपनं मोजून घेतोय. मीटरच्या आधी नळ काढायला जागा नाही, म्हणून 'क' थेट संपाच्या तोंडाशीच धरतो. रिपोर्ट आले की आकडे इथंच टाकतो, रिपोर्टिंग लिमिटसकट.