दिवाळीआधी बाथरूम, अर्धवट बुकशेल्फ आणि मुलांची सुट्टी: वेळापत्रक कसं बसवावं? (नाशिक)

सिडकोकर यांचा प्रश्न:

फ्लॅट सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर, इमारत पंचवीसेक वर्षांची. कॉमन बाथरूम ५ × ७ फूट. खालच्या घरात छताला ओल आली आहे, म्हणून फरशी फोडून स्लॅबपर्यंत जायचं ठरलंय. दुसरं टॉयलेट-बाथरूम चालू राहील. हॉलही रंगवायचा आहे. गॅलरीत १९ मिमी प्लायचं बुकशेल्फ अर्धवट पडलंय, जोडणी आणि पॉलिश बाकी. मुलांना (९ आणि १२ वर्षं) किल्ला करायचाय, आणि सगळ्यांनी मिळून दोन दिवस भंडारदऱ्याला जायचंय. घरात आई आहे, तिला धुळीचा त्रास होतो. हाताशी शनिवार-रविवार आणि आठ दिवसांची रजा. २५ सप्टेंबरला (२०२६) गणपती उठले की काम काढलं, तर ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनापर्यंत सगळं बसेल का? घर सोडून नेमकं कोणत्या दिवशी जाता येईल?

गोदाकाठ:

बसेल. वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये तीन दिवस पाणी भरून ठेवतात. तेव्हा घरात कुणाचंच काम नसतं. भंडारदरा त्याच दिवसांत उरका.

ओळंबा:

गोदाकाठ, नेमके तेच तीन दिवस घर सोडू नये. पाणी भरलेलं असताना रोज दोनदा पातळी बघावी लागते आणि खालच्यांच्या घरी जाऊन छतही बघावं लागतं. एखादा सांधा सुटला तर दोन इंच पाणी खाली उतरेल, आणि उपसायला कुणी नसेल.

गवंड्याचे दिवस मोजून वेळापत्रक करू नका, थांबण्याचे दिवस मोजा. त्यातही दोन प्रकार आहेत: काही दिवस काम बंद असलं तरी माणूस लागतो, आणि काही दिवस खरोखरच कुणी लागत नाही.

२८ आणि २९ सप्टेंबर (सोम-मंगळ) फोडकाम, जुना भराव स्लॅबपर्यंत काढणे. रजेचे दोन दिवस इथेच घाला. फोडताना आत कुठला पाइप सापडतो आणि कोणता सांधा कुजलाय, हे मालकाने स्वतः पाहायला हवं. आईला हे दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवता आलं तर उत्तम. नाहीच तर बाथरूमच्या दाराला ओली चादर लावा आणि पॅसेजला प्लास्टिक.

३० सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर प्लंबिंग. सीपीव्हीसी पाइपांचा शेवटचा जोड मारल्यावर २४ तास जाऊ द्या, मग हातपंपाने प्रेशर टेस्ट. ती झाल्याशिवाय खाचा बुजवू देऊ नका. गळती बहुतेक वेळा पाइपात नसते, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी खाली नेणारं तोंड) जिथे स्लॅबमधून जातो तिथे असते. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही आणि बारीक फट राहते. तिथे पाइप सॅंडपेपरने खरवडून भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा सिमेंटचा मसाला) भरायला सांगा.

४ आणि ५ ऑक्टोबरला प्लास्टर. जमीन-भिंतीचा कोपरा काटकोनात न ठेवता गोलाई द्या, नाहीतर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग तिथेच तडकतं. १२ तारखेपर्यंत दिवसातून तीनदा पाणी मारायचं. काम पाच मिनिटांचं, पण माणूस घरात हवा.

१३ आणि १४ ला पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. जमीन, सगळीकडे भिंतीवर एक फूट आणि शॉवरची भिंत सहा फुटांपर्यंत धरली तर ९० चौरस फूट होतात. त्याला साधारण १५ ते १७ किलो माल लागेल. ५ किलोत सगळं उरकतो म्हणणारा पातळ करून मारणार आहे, हे समजून घ्या.

१५ ते १९ ऑक्टोबर कोटिंग हवेत सुकतं. पाणी मारायचं नाही, पाय ठेवायचा नाही. तुमचं भंडारदरा १७-१८ ला, शनिवार-रविवारी. निघताना त्या बाथरूमचा कॉक बंद करा आणि दाराला कुलूप लावा.

२० ला दसरा. त्या संध्याकाळी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, २३ च्या संध्याकाळपर्यंत ७२ तास. भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करा. बादलीत जेवढं घटलं तेवढंच जमिनीवर घटलं असेल तर ते बाष्पीभवन. जास्त घटलं असेल तर गळतंय. कोटिंग पुरतं सुकण्याआधी पाणी भरलं तर ते मऊ पडून ढपले निघतात, म्हणून कुणाच्या घाईला बळी पडू नका.

२४-२५ ला विटांचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा ढाळ देणारा थर. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड. ढाळ सात फुटांत एक इंच, नहाणीकडे. कोब्यावर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर ठेवा. त्याच दिवसांत, २६ ते २९, भिंतीच्या टाइल्स खालची रांग सोडून पट्टीच्या आधारावर लावता येतात. २ नोव्हेंबरला जमीन आणि खालची रांग, ४ ला टाइल्सच्या फटींत ग्राउट, ५ ला नळ आणि फिटिंग.

यात मोकळा दिवस जवळजवळ नाही. म्हणून हॉलचा रंग दिवाळीनंतर. आत्ता पुट्टी घासायला घेतलीत तर ती धूळ आईलाही त्रास देईल आणि बुकशेल्फवरही बसेल.

फरशीवाला_नाका:

टाइल्सचा हिशोब: भिंती सात फुटांपर्यंत, दार वजा करून १५० चौरस फूट. दहा टक्के तुटफूट धरून १२ × १८ इंची १९ बॉक्स, वर एक जादा. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि शेडचे, नंबर बॉक्सवर छापलेला असतो. जमिनीला खरखरीत १२ × १२ चे ४० नग. अॅडहेसिव्ह २० किलोच्या ४ बॅगा, भिंत ओबडधोबड असेल तर ५.

टाइल्सवाला उत्तरेकडचा असेल तर छठसाठी गावी कधी निघणार, हे अॅडव्हान्स देण्याआधी विचारा. ऑक्टोबरात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटण्या चालू असतात, बिगारी कमी पडू शकतात. आणि ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. पंचवटीतून माल आणायचा असेल तर तो २५ च्या आत घरात यायला हवा.

रंधा:

बुकशेल्फबद्दल. फोडकाम आणि टाइल कटिंग चालू असताना पॉलिशचा डबा उघडूच नका. ओल्या थरावर बसलेली सिमेंटची धूळ पुसून जात नाही, पुन्हा घासावंच लागतं. जोडणी मात्र प्लास्टरला पाणी मारायच्या आठवड्यात, म्हणजे १०-११ ऑक्टोबरला करा. नाहीतरी घरात थांबायचंच आहे.

प्लायच्या कडेत ८ नंबरचे दोन इंची स्क्रू, आधी ३ मिमी भोक. थेट स्क्रू मारला तर थर सुटतात. फळी तीन फुटांची असेल तर पुस्तकांनी मध्यभागी झुकेल. पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी चिकटवा, रात्रभर क्लॅम्पमध्ये.

पॉलिश दिवाळीनंतर. हवा कोरडी होते, दमटपणामुळे लॅकर पांढरट पडत नाही. १२०, १८०, २४० असा पेपर, सीलर, ३२० ने हलका हात, मग दोन कोट. तोवर शेल्फ जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा.

चिंचेचं_झाड:

किल्ल्यासाठी फोडकामातल्या विटांचे दोन-तीन घमेली तुकडे बाजूला ठेवायला सांगा. टाइल्सचे नकोत, मुलांचे हात कापतील. विटांचा डोंगर रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, मग दोन इंच माती. विटांना चिकटलेलं सिमेंट क्षारयुक्त असतं, मातीचा थर पातळ असेल तर हळीव उगवत नाही. आपली काळी माती वाळली की भेगाळते, तिच्यात निम्मी लाल माती आणि थोडा भुसा मिसळा. हळीव १ नोव्हेंबरला पेरा, लक्ष्मीपूजनाला हिरवागार होईल. त्या रविवारी बाथरूममध्ये कुणाचंच काम नाही, तेव्हा पूर्ण दिवस मुलांसोबत किल्ल्याला द्या.

सिडकोकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉलचा रंग पुढे ढकलला, १७-१८ चं बुकिंग करतो. एकच राहिलं: खालच्यांना छत दिवाळीआधी रंगवून हवंय. देऊ का?

ओळंबा:

नको. गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला महिना-दीड महिना लागतो. आत्ता रंगवलंत तर फुगून पुन्हा ढपले येतील, आणि तुमचं काम फसलं असं त्यांना वाटेल. आत्ता फक्त सुटलेला रंग-प्लास्टर खरवडून छत उघडं ठेवा, त्याने लवकर सुकेल. डिसेंबरच्या मध्यावर एक फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने छताला चिकटवा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले नाहीत, तर प्रायमर मारायला हरकत नाही.