एला तुमच्या घरी कशी आली?

अमेरिकेची जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड १५ जून १९९६ रोजी बेव्हर्ली हिल्समधील राहत्या घरी वारली. तेव्हा ती ७९ वर्षांची होती. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती, आणि ती वाचून आपल्याला इतके वाईट का वाटते आहे हे घरात कोणाला समजावून सांगता येईना. लता, आशा यांना आपण ज्या हक्काने एकेरीत संबोधतो, त्याच हक्काने मी एलालाही संबोधते. तिचे चरित्र कोठेही वाचायला मिळते. तिचा आवाज आपल्यापर्यंत कसा पोहोचला आणि पुढे त्याचे काय झाले, ते येथे लिहावे अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. मामांनी अबुधाबीहून आणलेल्या एका कॅसेटवर १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये झालेली तिची मैफल होती. माझे इंग्रजी पुस्तकी, कानाला काही उमगत नसे. म्हणून ‘मॅक द नाइफ’ हे गाणे मी कॅसेट थांबवत, रिवाइंडचे बटण मोडलेले असल्यामुळे पेन्सिलीने फीत मागे फिरवत, वहीत देवनागरीत उतरवून घेतले आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात जसेच्या तसे म्हटले. कार्यक्रम संपल्यावर इंग्रजीचे सर हसत म्हणाले, “अगं, तू तिची चूक पाठ केलीस की!” त्या रात्री एला गाण्याच्या मध्येच शब्द विसरली होती. सगळे शब्द आठवतील अशी आशा आहे, असे ती गाणे सुरू करण्याआधीच श्रोत्यांना सांगते. पुढे खरोखरच अडखळल्यावर, बॉबी डॅरिनने आणि ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगने हे गाणे म्हटले, आता आम्ही त्याचा विचका करीत आहोत, अशा आशयाच्या ओळी ती जागच्या जागी रचते आणि मध्येच आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून गाणे शेवटास नेते. याच गायनाला ग्रॅमी मिळाले. माझी वही अजून आहे. तिच्यात बॉबी डॅरिनचे नाव मी ‘बाबी डार्लिंग’ असे लिहिलेले आहे.

सांगलीहून

आमच्याकडे ती लघुलहरींवरून आली. रात्री जेवणे आटोपल्यावर वडील मर्फी रेडिओ खिडकीशी नेत आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लावत. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘टेक द ए ट्रेन’ ही धून वाजे, आणि मग कॉनोव्हर इतक्या संथ, स्पष्ट इंग्रजीत बोलत की तलाठी कार्यालयात नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांनाही प्रत्येक शब्द कळे. लहरी वरखाली होत. एलाची तान ऐन भरात आली की आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा बुडे आणि वर येई तो दुसऱ्याच ओळीवर. त्यामुळे कित्येक वर्षे मी तिचे एकही गाणे सलग ऐकलेले नव्हते. पुढे सीडीवर तीच गाणी स्वच्छ ऐकली, तेव्हा खरे सांगायचे तर थोडी निराशाच झाली. कॉनोव्हर १७ मे १९९६ रोजी गेले आणि महिना पुरा होण्याआधीच एला गेली. वडिलांनी दोन्ही बातम्या कापून एकाच पाकिटात ठेवल्या होत्या.

पुण्याहून

माझी आई घरी गायनाच्या शिकवण्या घेत असे. १९९१ साली मी तिला एलाचे ‘हाउ हाय द मून’ ऐकवले, त्यातील शब्द संपून नुसत्या अक्षरांचे गाणे सुरू होते तो भाग. आपल्याकडे असे गाणे परके नाही, तराणा आहे, सरगम आहे. सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ दिले, तेव्हा साऱ्या देशाने निरर्थक अक्षरे आनंदाने गायली होती. आईने डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला, “हिचा सा कुठे आहे?” मला उत्तर देता येईना, कारण आमच्या गाण्यात सा तंबोऱ्यात पक्का बसलेला असतो, आणि या संगीतात मुळातली स्वरसंगतीच दर एकदोन मापांनी, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटांनी, बदलते व गाणाऱ्याला प्रत्येक बदल लक्षात ठेवून त्यावर नवे स्वर बांधावे लागतात. आईने मग स्वर सोडला आणि ताल धरला. तबला नाही, ठेका ओळखीचा नाही, तरी मागचा मोठा बास, म्हणजे खर्जाचे तंतुवाद्य, तारेवर एकेक मात्रा टाकत चाललेला तिला ऐकू आला, आणि मांडीवर बोटे मोजत तिने तिसऱ्या फेरीला सांगितले, “हे १२८ मात्रांचे आवर्तन आहे.” बरोबर होते. ३२ मापे आणि प्रत्येक मापात ४ मात्रा. त्या लांबलचक आवर्तनात एला इतर कितीतरी गाण्यांचे तुकडे खुपसते, शेवटी डोळ्यांत घाम जातो आहे अशी थट्टाही करते, आणि तरी समेवर बिनचूक उतरते. आईने त्या वेळी दिलेली दाद भीमसेनजींच्या मैफलीत द्यायची तीच होती. पुढे नव्या विद्यार्थिनी आल्या की, “त्या चष्मेवाल्या बाईंची कॅसेट लाव,” असे मला सांगणे होई. सा कोठे आहे याबद्दल मात्र तिचे समाधान अखेरपर्यंत झाले नाही.

मडगावहून

आजोबा मुंबईच्या हॉटेलांतून ट्रम्पेट वाजवत. चिक चॉकलेट यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, त्या काळातली ही गोष्ट. लुई आणि एला यांची १९५६ ची एकत्र तबकडी आमच्या घरी होती. ती लावली की आजोबा फक्त लुईच्या वादनाविषयी बोलत आणि आजी फक्त एलाविषयी.

नागपूरहून

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. एलाचा आवाज निर्दोष आहे आणि मला नेमकी तीच अडचण वाटते. तिच्याच काळातली जॅझ गायिका बिली हॉलिडे गाते तेव्हा तिच्यावर काय बेतले असेल हे ऐकणाऱ्याला कळते. एलाचे दुःखाचे गाणेही नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखे वाटते.

यॉन्कर्स, न्यू यॉर्कहून

नागपूरकरांनी लिहिले ते मलाही पूर्वी वाटत असे. मी रोज येथील स्थानकावरून गाडी पकडते आणि स्थानकासमोर एलाचा कांस्यपुतळा आहे, कारण ती याच गावात वाढली. आई १९३२ साली गेली तेव्हा ती १५ वर्षांची होती. नंतर सुधारगृह, तेथून पळ, न्यू यॉर्क शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या रस्त्यांवरचे दिवस. नोव्हेंबर १९३४ मध्ये अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली होती, पण आधी एडवर्ड्स भगिनींचा नाच झालेला पाहून तिचा धीर सुटला, आणि ऐनवेळी ती गायली व पहिली आली. नामवंत झाल्यावरही १९५५ साली ह्यूस्टनमध्ये पोलिसांनी तिला तिच्या खोलीतून, सहकारी फासे खेळत होते या कारणावरून, पकडून नेले. कार्यक्रमाच्या आयोजकांनी गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना वेगळे बसवण्यास नकार दिला होता, हे त्यामागचे खरे दुखणे. ठाण्यात नेल्यावर त्याच पोलिसांनी तिची सही मागितली. हे सारे तिने गाण्यात आणले नाही. आपला हा तक्रारीचा मुद्दा असेल तर असो, मला तो तिचा हट्ट वाटतो.

लॉस एंजेलिसहून

ती गेली तो शनिवार होता. त्याच दिवशी हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर जॅझ महोत्सव सुरू होणार होता आणि आम्ही चौघे मराठी मित्र डब्यात पोहे घेऊन निघालो होतो. प्रवेशद्वारावरील फलकावर कार्यक्रमाच्या माहितीऐवजी एलाला निरोप देणारा मजकूर होता. रांगेतील एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई तो वाचून कोणाशीही न बोलता उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना डबा पुढे केला आणि त्यांनी पोहे घेतले.

नाशिकहून

वर आवाजाच्या निर्दोषपणाविषयी लिहिले गेले आहे, म्हणून तिच्या शेवटच्या काळाविषयी सांगतो. मधुमेहाने आधी तिची दृष्टी अधू केली आणि १९९३ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखालून काढावे लागले. हे मला कोरडी माहिती म्हणून ठाऊक होते. २००४ साली माझ्या वडिलांचा उजवा पाय त्याच आजाराने काढला आणि ते घरी आले, तेव्हा त्यांना गाणे नको, बातम्या नकोत, खिडकीचा पडदाही उघडायला नको असे. एका दुपारी मी माझ्या खोलीत तिची १९८९ ची शेवटची तबकडी ऐकत होतो. त्यात आवाज जाड झालेला आहे, कंप आहे, लांब ओळीच्या शेवटी श्वास पुरत नाही. बाहेरून वडिलांनी विचारले, “ही बाई आजारी आहे काय?” मी होय म्हटले आणि पायांचेही सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते. इंग्रजी गाणे त्यांनी जन्मात ऐकलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करणारा मुलगा आला, त्याने पट्टी सोडायला घेतली, तसे वडील भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “त्या बाईंना लाव. जरा मोठ्याने.”