वाढदिवसासाठी पॉपकॉर्न मशीन भाड्याने

प्रश्न (म्हापसा): जुलैत अंगणात मंडप घालून वाढदिवस. साठेक मुलं. 8 औंस केटलचं (केटल म्हणजे मका फुटतो ते भांडं) मशीन पुरेल? सामान किती आणावं?

उत्तर १: पुरेल. एका घाण्याला 225 ग्रॅम मका, 75 मिली तेल, चमचाभर बारीक मीठ. त्यातून नऊएक लिटर लाह्या निघतात. म्हणजे लिटरभराचे साठ कप भरायला सात-आठ घाणे. 2 किलो मका, पाऊण लिटर तेल आणा. मका पॉपकॉर्नचाच हवा, साधा फुटत नाही. केटल आधी तापवा. फटफट थांबत आली, दोन फुटण्यांत दोन-तीन सेकंद जाऊ लागले की लगेच ओता, नाहीतर तळाशी करपतं. केटलमध्ये साखर नको.

उत्तर २: विजेचं आधी बघा! केटल तापताना हजार वॅटच्या वर खेचते. 16 अँपिअरचा अर्थिंगवाला सॉकेट आणि जाड वायर घ्या, जोडणी पावसापासून दूर ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका.

उत्तर ३: आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लाह्या लवकर मऊ पडतात. पाहुणे आल्यावरच घाणे सुरू करा, मशीनच्या काचेच्या कपाटातला दिवा चालू ठेवा, म्हणजे लाह्या गरम राहतील. परत देताना गार केटल ओल्या फडक्याने पुसा. पाण्यात बुडवलीत तर वायरिंग जातं आणि डिपॉझिटही.