थंडीतली सोडियम बॅटरी : दोष हार्ड कार्बनचा की इलेक्ट्रोलाइटचा?

कोळसेवाला : चिनी बॅटरी कंपनी सीएटीएलने २०२१ मध्ये सांगितलं की त्यांच्या सोडियम-आयन बॅटरीची उणे २० अंशांवरही ९० टक्क्यांहून जास्त क्षमता टिकते. तेव्हापासून जो तो म्हणतोय, सोडियमला थंडी वाजतच नाही. अहो, गारठ्यात डिस्चार्ज करणं निराळं आणि चार्ज करणं निराळं! चार्ज होताना सोडियम साठवून घेतो तो ॲनोड हार्ड कार्बनचा, आणि त्याची बरीचशी क्षमता ०.१ व्होल्टच्या (सोडियम धातूच्या तुलनेत) आसपासच्या सपाट टप्प्यात असते. थंडीत रोध वाढला की हा टप्पा शून्याखाली जातो आणि सोडियम छिद्रांत शिरायचं सोडून पृष्ठभागावर धातू होऊन बसतो. थंड प्रदेशासाठी वेगळा कार्बनच हवा : थरांमधलं अंतर जास्त, उताराचा भाग (सपाट टप्प्याआधी व्होल्टेज हळूहळू उतरतं तो) मोठा. थोडी क्षमता गेली तर जाऊ दे.

रसायनी : दुखणं पोटाला आणि मलम पायाला! कार्बनमध्ये शिरण्याआधी सोडियमच्या आयनाला इलेक्ट्रोलाइटमधल्या द्रावकाचे रेणू झटकावे लागतात, थंडीत घोडं अडतं ते तिथे. नेहमीच्या कार्बोनेट द्रावकाऐवजी डायग्लाइमसारखं इथर वापरा, फरक दिसेल. उतार वाढवायला कार्बनमध्ये दोष वाढवलेत, तर पहिल्याच चार्जिंगला तो सोडियम गिळणार. भरपाई सोडियम पुरवणाऱ्या कॅथोडच्या खिशातून.

कोळसेवाला : आणि चार व्होल्टच्या आसपास कॅथोडपाशी ते इथर टिकत नाही, त्याचं काय? हाफ-सेलच्या (कॅथोडशिवाय नुसता कार्बन तपासायच्या सेलच्या) आलेखात सगळंच देखणं दिसतं.

रसायनी : हाफ-सेलचं बोललात ते बरं झालं. त्यात समोर सोडियम धातू असतो आणि थंडीत तोच जास्त कुरकुरतो. त्याचं पाप कार्बनच्या माथी लागतं. नुसत्या मोजमापासाठी तिसरा इलेक्ट्रोड टाकून कार्बनचं व्होल्टेज वेगळं मोजलं की सपाट टप्पा बऱ्यापैकी जिवंत दिसतो. निम्मे 'थंडीत कार्बन नापास' असले निकाल मी याच कारणाने बाजूला ठेवतो.

लडाखवारी : दोघांचंही राहू द्या. द्रासमध्ये सोलरची बॅटरी एका जागी बसलेली असते, वजनाची फिकीर नाही. पेटीला जाड थर्माकोल लावा, आत छोटा हीटर. झालं.

कोळसेवाला : हीटरला वीज देणार तीच गारठलेली बॅटरी ना? शिवाय सकाळी ऊन पडलं की थंड पॅनेल जोरात चालतं, तेव्हा सेल सगळ्यात गार. नेमक्या त्याच वेळी धातू साचतो.

लडाखवारी : मग तापमान चढेपर्यंत बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) करंट कमी ठेवायचा. त्यासाठी नवा कार्बन कशाला?

रसायनी : डिसेंबरात तिथे दिवस केवढा असतो? सकाळ अशी घालवलीत तर बॅटरी भरणार कधी?