मागावर

आमच्या सोलापुरात, पूर्व भागात, "बाबा कुठायत?" असं विचारलं की "मागावर" असं उत्तर येतं. बाबा तेव्हा टॉवेल विणत असतात. परवा भाच्याबरोबर २०१० सालच्या 'शेरलॉक' मालिकेचा पहिला भाग बघताना मी म्हणालो, "आता तो खुन्याच्या मागावर आहे." शेजारचे काका बसले होते, त्यांचा जन्म यंत्रमागावर गेलाय. ते म्हणाले, "आमचं तरी दुसरं काय हाय? तार तुटली की आम्हीबी मागच काढतो."

खरंच आहे. माग थांबवायचा, शेकडो उभ्या तारांतून, म्हणजे ताण्याच्या धाग्यांतून, बोटं फिरवत तुटलेलं टोक हुडकायचं, गाठ मारायची आणि तार फणीतून परत ओढून घ्यायची.

चोराचा 'माग' संस्कृत 'मार्ग'वरून आला. 'मागोवा' त्याच घरातला. या शब्दांची क्रियापदं बघा: सुगावा लागतो, माग काढावा लागतो, छडा लावावा लागतो. सुगावा आपसूक येतो, बाकी दोन्हींना कष्ट आहेत. सुताचं नातं तर सगळीकडे. पोलिसांच्या हाती 'धागेदोरे' लागतात, कटाला 'सूत्रधार' असतो. इंग्रजीतला 'क्लू'सुद्धा मुळात सुताचा गुंडाच.

भाच्याला नव्या-जुन्या कथांतली साम्यं शोधायचा नाद आहे. हा भाग कॉनन डॉयलच्या १८८७ सालच्या पहिल्या होम्स-कादंबरीवर बेतलेला आहे. अफगाणिस्तानात जखमी झालेला डॉक्टर, गाडीवान खुनी, दोन गोळ्यांतली एक निवडायला लावणं, हे सगळं दोन्हीकडे आहे. पण मला सगळ्यात आवडली ती पाच इंग्रजी अक्षरं. कादंबरीत भिंतीवर रक्तानं 'राखे' (RACHE) लिहिलेलं सापडतं. पोलिसाला वाटतं, 'रेचल' (RACHEL) हे नाव अर्धवट राहिलं. होम्स सांगतो, हा जर्मन शब्द आहे, अर्थ 'सूड'. मालिकेत मरणारी बाई तीच अक्षरं नखांनी जमिनीवर कोरते. तिथं पोलिसांचा तज्ज्ञ 'जर्मन सूड' म्हणतो आणि शेरलॉक त्याला उडवून लावून 'रेचल' सांगतो. धागा तोच, गाठ उलटी मारलेली! याला मी माग काढणं म्हणेन, कारण दोन्ही टोकं हातात आहेत.

पुढं भाचा म्हणाला, वेताळपंचविशीतही कोडी आहेत, म्हणजे तीही याच घराण्यातली. हे मात्र सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. कोडं तर उखाण्यातही असतं.

त्याच कादंबरीत होम्स म्हणतो की जगण्याच्या बेरंगी लडीतून खुनाचा लाल धागा जातो आणि तो उलगडणं आपलं काम. काकांना हे वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्यांनी जरूर सांगावं, 'मागावर' म्हटलं की तुमच्याकडे आधी कोण डोळ्यापुढं येतं, विणकर की पोलीस?